बॅकहोची पिन ग्रीस घेत नाही? गनपासून बुशपर्यंत अडथळा कसा शोधायचा

"दादा, मागचा एक पॉइंट ग्रीस घेत नाही."

मोशीच्या साइटवर, पावसाळ्याच्या तोंडावर, हेल्परने मला हे सांगितलं. मी म्हणालो, "बरं, रविवारी बघू." तो रविवार यायला तीन आठवडे लागले. तोवर बूम आणि डिपर (बॅकहोच्या मागच्या हाताचे वरचा आणि खालचा असे दोन भाग) जिथे जोडलेले असतात ती पिन बुशमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या धातूच्या नळीत, जाम झाली होती. पिन बुशमध्ये फिरेनाशी झाली की मशीनच्या हाताबरोबर स्वतःच फिरायला लागते. आधी पिनला जागेवर धरणारा लॉकचा बोल्ट तुटतो, मग बाजूच्या कानाचं (पिन ज्यातून जाते त्या जाड पट्टीचं) गोल भोक अंड्यासारखं लांबट होतं. आमच्या मशीनचं तेच झालं. भोक वेल्डिंगने भरून लाइन बोरिंग (भोकं एका रेषेत पुन्हा गोल कोरणं) करून घ्यावं लागलं, मशीन नऊ दिवस उभं राहिलं, आणि सुरुवात झाली होती चहाच्या किमतीत मिळणाऱ्या एका निपलपासून. पोराने वेळेवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. म्हणून हे सगळं नव्या मालकांसाठी, ऑपरेटरांसाठी आणि विशेषतः हेल्परांसाठी सविस्तर लिहितो आहे.

पुण्यात बॅकहो लोडर कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला जेसीबीच म्हणतात. पुढचा लोडर असो की मागचा हात, जिथे जिथे दोन भाग एकमेकांभोवती फिरतात तिथे पिन आणि बुश असतो, आणि तिथवर ग्रीस पोहोचवायला निपल असतो, म्हणजे ग्रीस गनचं तोंड जिथे बसतं ती छोटी टोपी. मागच्या बाजूला किंगपोस्ट (ज्यावर मागचा हात डावी-उजवीकडे फिरतो तो उभा सांधा), बूमचं मूळ, बूम-डिपर, डिपर-बकेट, बकेटच्या लिंका आणि प्रत्येक सिलिंडरची दोन्ही टोकं असे पॉइंट मोजत गेलात तर बरेच निघतात. बहुतेक बॅकहोंच्या मॅन्युअलमध्ये यातल्या बऱ्याच पॉइंटना रोज किंवा दर 10 तासांनी ग्रीस द्यायला सांगितलेलं असतं.

ग्रीस आत जायचं का थांबतं?

ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. स्पंजात पाणी असतं तसं. पॉइंटला बरेच दिवस नवं ग्रीस मिळालं नाही तर तेल निघून जातं आणि साबण उरतो. तो वाळून मेणबत्तीच्या मेणासारखा घट्ट होतो. त्यात आपल्याकडची धूळ मिसळते. मुरमाची लाल माती त्यातल्या त्यात बरी. वाघोली-मोशीकडच्या खडी क्रशरवर उडणारी काळ्या दगडाची पूड ग्रीसमध्ये गेली की तिची पॉलिश पेस्ट होते. ती पिन घासते आणि वाटही बुजवते. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र झाली तरी असंच होतं. काही ग्रीस एकमेकांशी जमत नाहीत, मिसळल्यावर पातळ तरी होतात नाहीतर घट्ट गोळा तरी. रंगावरून जात कळत नाही, डब्यावरचं वाचावं लागतं.

निपलच्या तोंडाशी एक बारीक गोळी असते, तिच्या मागे स्प्रिंग. गनच्या दाबाने गोळी मागे सरकते, ग्रीस आत जातं, दाब गेला की गोळी तोंड बंद करते. निपलमागे बॉसमधून (बुश ज्यात बसतो त्या जाड कड्यामधून) किंवा पिनमधून बारीक भोक जातं आणि ते बुशच्या भोकाला, तिथून बुशच्या आतल्या खाचेला मिळतं. अडथळा गनमध्ये, निपलमध्ये, या वाटेत किंवा बुशपाशी असू शकतो. शोध याच क्रमाने घ्यायचा, बाहेरून आत. मी कितीतरी फिटर बघितलेत जे थेट घण उचलून पिन काढायला निघतात, आणि खोट गनच्या तोंडात निघते.

हात लावण्याआधी

मशीन सपाट, कडक जमिनीवर घ्या. मागचे दोन्ही पाय आणि पुढची बकेट जमिनीवर टेकवा. मागचा हात असा ठेवा की त्याची बकेट जमिनीवर सपाट बसेल. हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मग सगळे लिव्हर दोन-तीन वेळा हलवून पाइपांतला उरलेला दाब सोडा. हवेत उचललेल्या बूमखाली कुणीही जायचं नाही, "दोन मिनिटांचंच काम आहे" म्हणूनही नाही.

दुसरी गोष्ट नव्या मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून मी ती जास्त ठासून सांगतो. हातातल्या साध्या लिव्हरच्या गनने 5,000 पीएसआयच्या वर दाब तयार होऊ शकतो, काही गनने 10,000 पर्यंत. गनचा पाइप फाटला असेल किंवा जबडा (निपलला पकडणारं गनचं तोंड) नीट बसला नसेल आणि तिथे बोट ठेवून कुठून गळतंय हे तुम्ही चाचपत असाल, तर ग्रीस कातडी भेदून बोटात शिरू शकतं. बाहेरून सुई टोचल्यासारखी खूण दिसते आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस काम चालू ठेवतो. आत मात्र ग्रीस बोटाच्या शिरांजवळून हातापर्यंत पसरतं. यावर हळद, पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन पुरत नाही. लगेच शस्त्रक्रिया करून साफ करावं लागतं, उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. असं झालं तर त्याच तासाला ससूनला, पिंपरीच्या वायसीएमला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. डॉक्टरांना "जोराच्या दाबाने ग्रीस आत गेलंय" हे शब्द सांगा आणि ग्रीसचा डबा बरोबर न्या. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, हात कधीच नाही. चष्माही लावा.

लिव्हर काय सांगतो ते ऐका

निपल वेस्टने (सुताच्या गुंत्याने) पुसून घ्या. पुसला नाही तर तोंडावरची माती पहिल्याच दाबाबरोबर तुम्हीच आत ढकलता. आता गन सरळ बसवा आणि लिव्हर दाबा.

लिव्हर हलका जातोय, ग्रीस कुठेच येत नाही? मग मशीनचा दोष नाही. गन रिकामी आहे किंवा तिच्यात हवा अडकली आहे. डोक्यावर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, नसेल तर नळी डोक्यापासून अर्धा-एक आटा सैल करून ग्रीस येईपर्यंत दाबा. डब्यातून ग्रीस भरताना मध्ये पोकळी राहिली की हे हमखास होतं.

लिव्हर कडक होतोय आणि ग्रीस निपलच्या बाजूने बाहेर येतंय? इथे दोन शक्यता आहेत. जबडा झिजून सैल झाला असेल किंवा पुढे वाट बंद असेल. खात्री करायला एक नवा सुटा निपल व्हाइसमध्ये धरा आणि त्याच गनने त्यात ग्रीस दाबा. मागून ग्रीस नीट आलं तर गन चांगली. इथेही बाजूनेच आलं तर जबडा बदला.

तिसरा प्रकार फसवा असतो. ग्रीस छान आत जातंय, लिव्हर मऊ आहे, पण पिनच्या कडेने काहीच बाहेर दिसत नाही. पोरं वीस-वीस दाब मारतात आणि "भरपूर दिलं दादा" म्हणतात. असं असेल तर ग्रीस भलत्याच ठिकाणी जातंय. बहुधा एका बाजूचं डस्ट सील फाटलेलं असतं किंवा बुश तडकलेला असतो. खाली वाकून, मागच्या बाजूने, टॉर्च मारून बघा. कडेने ताजं ग्रीस येताना दिसल्याशिवाय पिनला ग्रीस मिळालं असं धरू नका.

निपल

गन चांगली निघाली की निपल काढायचा. त्याच्या अंगावरच्या षटकोनाला योग्य मापाचा रिंग पाना लावा, पकड लावू नका. 45 किंवा 90 अंशाचा निपल असेल तर तो मानेपाशी तुटतो, त्यामुळे डोक्याला रेटा देऊ नका. गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून तासभर सोडा. तुटलाच तर ईझी आउट (उलट्या आट्यांचं काढणीचं हत्यार) लावून उरलेला तुकडा काढता येतो, फक्त घाई नको.

काढलेला निपल गनला लावून दाबा. त्यातून ग्रीस आलं नाही तर दोष इथेच होता. डिझेलमध्ये बुडवून, सुईच्या टोकाने गोळी हलवून तो मोकळा होतो, पण मी जुना परत लावत नाही. नवे निपल गाडीत डबीभर ठेवतो.

नवा घेताना आटे मापून घ्या. आपल्याकडच्या मशीनवर एम 10 (मेट्रिक) आणि एक अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) असे दोन्ही येतात. दोन्ही बघायला सारखेच, जाडीत जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक. एम 10 चा निपल दुसऱ्याच्या भोकात एक-दोन आटे जातो, मग घट्ट होतो, आणि जोर लावला की बॉसमधले आटे जातात. लहान मापात उलट होतं: एम 6 चा निपल पाव इंच आट्याच्या भोकात ढिला बसतो आणि गनच्या दाबाने उडतो. जुना निपल खिशात घालून रविवार पेठेत बोहरी आळीत जा, दुकानदाराला तो दाखवा आणि त्याच्याशी जुळवून घ्या. तोंडी माप सांगून आणलेले निपल माझे बरेचदा चुकलेत.

भार काढा

निपल नवा, गन चांगली, तरी लिव्हर कडक. आता बऱ्याच जणांना न सुचणारी गोष्ट. पिनवर हाताचं सगळं वजन एका बाजूला असतं. त्या बाजूला पिन आणि बुश चिकटून बसतात, ग्रीसला शिरायला जागाच राहत नाही. निपलचं भोक नेमकं त्या बाजूला उघडत असेल तर वाट साफ असूनही ते बंदच.

म्हणून हाताची स्थिती बदला. बकेट जमिनीवर टेकवून हाताचा भार जमिनीवर द्या. त्याने होत नसेल तर ऑपरेटरला लिव्हर किंचित हलवून बकेट जमिनीवर दाबायला सांगा, म्हणजे भार पिनच्या दुसऱ्या बाजूला जाईल. दर वेळी इंजिन बंद करायचं, मगच गन लावायची. किंगपोस्टच्या पॉइंटला हे विशेष लागतं. मागच्या हाताचं अख्खं वजन तिथे लटकलेलं असतं. हात जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवून दोन्ही जागी दोन-दोन दाब मारा. माझ्या अनुभवात अर्धे "बंद" पॉइंट इथेच सुटतात.

ऑपरेटर केबिनमध्ये आणि हेल्पर पिनपाशी असताना दोघांना एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. खूण ठरवून घ्या. हेल्पर लांब उभा राहून हात वर करेपर्यंत लिव्हरला स्पर्श नाही.

वाट मोकळी करणं

एवढं करूनही ग्रीस जात नसेल तर वाट बुजली आहे. निपल परत काढा आणि भोकात टॉर्च मारा. काळा, कडक थर दिसेल. भोकात बसेल असा ड्रिल बिट घ्या, मशीनला न लावता बोटांनी फिरवा, थर कुरतडून बाहेर काढा. ड्रिल मशीन लावलं की बिट आत तुटतो किंवा पिनला भिडतो. मग ताठ तार घेऊन जाईल तिथवर ढकला. किती खोल गेली ते तारेवर खूण करून मोजा आणि बॉसच्या जाडीशी ताडून बघा. तार बॉसची जाडी आणि बुशची जाडी ओलांडून पिनवर टेकत असेल तर भोक मोकळं आहे, अडथळा बुशच्या खाचेत आहे. बॉसच्या जाडीवरच कडक धातूवर टेकत असेल तर शंका घ्या की बुश आत फिरला आहे आणि त्याचं भोक निपलच्या भोकासमोर राहिलेलं नाही. तसं असेल तर पुढचे उपाय वेळ घालवतील. सरळ पिन काढायच्या भागाकडे जा.

खाच बुजली असेल तर तिला भिजवावं लागतं. एक जुनी गन यासाठीच वेगळी ठेवा. तिच्यात 90 नंबरचं गिअर ऑइल आणि थोडं डिझेल मिसळून भरा. निपल परत लावा, या तेलाने दाब द्या, लिव्हर कडक झाला की तसाच दहा मिनिटं धरून ठेवा. गनमधून तेल थोडं गळतं, चालतं. मग गन काढा, इंजिन चालू करून तो सांधा पूर्ण हालचालीत चार-पाच वेळा फिरवा, बंद करून पुन्हा दाब द्या. पातळ तेल ग्रीसपेक्षा बारीक फटीत शिरतं आणि कडक साबणाला मऊ करतं. सुटलं नाही तर रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पहिला काळा, चिकट थेंब कडेला दिसला की काम होणार हे समजतं. तो थेंब बघायला मी सकाळी सहाला साइटवर गेलोय.

बाजारात याच कामाचं एक साधन मिळतं. तेल भरलेली छोटी नळी निपलवर बसवायची आणि तिच्या दांड्यावर हातोडा मारायचा. हातोड्याच्या धक्क्याने तेलाचा दाब क्षणभर खूप वाढतो आणि गोळा फुटतो. छान चालतं. पण चष्मा हवा, आणि समोरच्या रेषेत तोंड नको.

शेक द्यायचा का? देता येतो, पण अटी पाळून. निपल आधी काढा. बंद पोकळीत ग्रीस तापलं की दाब वाढतो आणि निपल गोळीसारखा उडतो. हीट गन वापरा, गॅसची ज्योत टाळा. बॉस हाताला सहन होणार नाही इतपतच गरम हवा, लाल बिलकूल नाही. साध्या लिथियम ग्रीसचा वितळबिंदू 180-190 अंशांच्या आसपास असतो, पण तेवढं तापवायची गरज नसते. मऊ पडलं की तेलाचा दाब त्याला ढकलतो. जवळ सिलिंडर, हायड्रॉलिक होज किंवा सील असेल तर शेकाचा विचार सोडा. बंद सिलिंडर तापवणं म्हणजे बॉम्ब तापवणं. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

पिन काढायची वेळ

दोन दिवस भिजवून, भार बदलून, धक्का देऊनही ग्रीस गेलं नाही, किंवा चालताना सांधा करकरतो, किंवा कडेने तांबूस, लोखंडाची पूड मिसळलेला गाळ येतो, तर पिन काढावीच लागेल. पहिल्यांदा करत असाल तर एक अनुभवी फिटर बरोबर घ्या. लहान पिन, म्हणजे बकेटच्या लिंकची वगैरे, दोघांत निघते. बूमच्या मुळाची किंवा किंगपोस्टची पिन क्रेन किंवा दुसऱ्या मशीनशिवाय काढू नका.

हाताखाली लाकडी ठोकळे द्या, पट्ट्याने वरून धरून ठेवा, मग लॉकचा बोल्ट काढा. शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) कुठे किती आहेत याचा मोबाइलवर फोटो काढा. पिनवरचा भार अगदी गेला की ती सहज सरकते. सरकत नसेल तर भार अजून आहे, घण वाढवून उपयोग नाही. पिनच्या टोकावर थेट घण मारू नका. कडक पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते आणि टोक फुलून पिन भोकात अडकते. मध्ये पितळी दांडा धरा. आणि भोकं समोरासमोर आली का हे बोट घालून कधीही बघायचं नाही. पहार घाला, टॉर्च मारा.

निघाल्यावर पिन डिझेलने धुवा. न झिजलेल्या टोकाशी आणि मधल्या भागात व्हर्नियरने माप घ्या. निळसर डाग म्हणजे कोरडी पडून तापली होती. बोटाला पायरी जाणवत असेल तर बदला. पिन आणि बुश जोडीनेच बदलावेत. नाना पेठेत तयार मिळतात. मशीन जुनं असेल तर भोसरीत करून घेता येतात, फक्त पिन हार्ड केलेली हवी, साध्या शाफ्टचा तुकडा महिनाभर टिकत नाही. गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून पिन बुधवारी काढायला बसू नका.

नवा बुश बसवताना निपलच्या भोकाची रेघ बॉसच्या कडेवर मार्करने ओढा, बुशच्या भोकाची रेघ त्याच्या कडेवर ओढा आणि दोन्ही जुळवून दाबा. लांब आट्याचा रॉड आणि दोन जाड वॉशर लावून खेचला तर सरळ बसतो. घणाने ठोकलेला वाकडा जातो. डस्ट सीलचा ओठ बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे जुनं ग्रीस बाहेर पडतं आणि माती आत येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला एक मिनिट लागतं. पिन घालण्याआधी निपलला गन लावा आणि बुशच्या आत, खाचेत, ग्रीस येताना डोळ्यांनी बघा. येत नसेल तर बुश अजून हातात आहे, दुरुस्त करता येतो. हे न बघता पिन घातली आणि मग ग्रीस गेलं नाही, तर सगळं परत. मग बुशला आणि पिनला हाताने ग्रीस माखा, पिन सरकवा, शिम, लॉकचा बोल्ट.

ग्रीस ईपी-2 (जास्त दाब सोसणारं, मध्यम घट्ट) चालतं. पिनसाठी मॉलिब्डेनम घातलेलं मिळालं तर अधिक चांगलं. मात्र एकदा ठरवलं की तेच ठेवा, आणि बदलायचंच तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं दाबा. पावसाळ्यात, चिखलात बुडून काम केल्यावर, संध्याकाळीच ग्रीस द्या. दिवसभराच्या कामाने सांधा कोमट असतो, ग्रीस सहज जातं आणि आत शिरलेलं पाणी रात्रभर बसून राहण्याऐवजी लगेच बाहेर ढकललं जातं.

मोकळ्या झालेल्या पॉइंटवर पहिल्या दिवशी दर दोन तासांनी गन लावा. आधी काळं, मग करडं, मग ताज्या रंगाचं ग्रीस येईल. केबिनमध्ये वही ठेवा, पॉइंटला नंबर द्या, कुठल्या नंबरला किती दाबांत ग्रीस कडेला आलं ते हेल्परला लिहायला लावा. कालपर्यंत 4 दाबांत येणारं आज 9 वर गेलं किंवा लिव्हर कडक लागला, तर तो पॉइंट त्याच दिवशी उघडा.